वाचकांचे प्रश्न : बोटीने शांत बेटावर जाताना

थंडीच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की अंदमानविषयी पत्रे येऊ लागतात. बहुतेक पत्रांचा सूर एकच असतो : विमानाचे कळते, बोटीचे काही कळत नाही. ते साहजिक आहे. इंदूरच्या माणसाचे पाण्यावरचे फिरणे ओंकारेश्वरची नाव, महेश्वरचा घाट, फार तर हनुवंतिया इथवरच. नर्मदेतल्या नावेचा अनुभव समुद्रात फारसा कामी येत नाही. म्हणून या वेळी सगळी जागा बोटीच्या आणि बेटाच्या प्रश्नांना दिली आहे.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत, वय 64 आणि 60. गर्दी, रांगा, पाण्यातले खेळ यांत रस नाही. शांत बेटावर चार दिवस निवांत राहायचे आहे. एजंट म्हणतो, सहा दिवसांत पाच बेटे दाखवतो. काय करावे? — सुदामानगर

सहा दिवसांत पाच बेटे म्हणजे रोज पहाटे सामान बांधायचे, जेट्टीवर तासभर बसायचे आणि दुपारी नव्या खोलीची किल्ली घ्यायची. तुम्हाला हवे आहे त्याच्या हे नेमके उलट आहे. एकच बेट धरा, तिथे तीन रात्री राहा.

आमचे मत शहीद द्वीपाला. याचे जुने नाव नील. 30 डिसेंबर 2018 रोजी नील झाले शहीद द्वीप आणि हॅवलॉक झाले स्वराज द्वीप. पुढे सप्टेंबर 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरला श्री विजयपुरम हे नाव मिळाले. तिकिटांवर, हॉटेलच्या पत्त्यांत आणि लोकांच्या तोंडी जुनी-नवी दोन्ही नावे चालतात, त्यामुळे दोन्ही लिहून जवळ ठेवा. आणखी एक घोटाळा होतो : 'स्वराज द्वीप' याच नावाचे एक मोठे सरकारी जहाजही आहे. ते मुख्य भूमीवरून श्री विजयपुरमला ये-जा करते. तिकीट काढताना आपण बेटाचे काढतो आहोत की जहाजाचे, हे एकदा पाहून घ्या.

शहीद द्वीप जेमतेम 14 चौरस किलोमीटरचे आहे आणि 2011 च्या जनगणनेत तिथली वस्ती तीन हजारांच्या आसपास होती. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी हे बेट वसवले. गावांची नावे रामायणातली : सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर, आणि मधला बाजार तो नील केंद्र. इथली भाजी श्री विजयपुरमच्या बाजारात जाते, म्हणून शाकाहारी माणसाची इथे आबाळ होत नाही. वरण, भात, दोन भाज्या असे साधे बंगाली वळणाचे ताट मिळते. उपवास करणाऱ्यांनी साबुदाणा आणि दाण्याचे कूट मात्र घरून न्यावे.

आता शांततेविषयी. दिवसा शहीद द्वीपही फार शांत नसते. सकाळच्या बोटीने आलेली मंडळी जेट्टीजवळचा भरतपूर किनारा आणि लक्ष्मणपूरचा खडकाचा पूल घाईघाईने पाहतात आणि दुपारच्या बोटीने परततात. त्या चार-पाच तासांत रिक्षा, फोटो, आरडाओरडा सगळे असते. दिवसाची शेवटची बोट सुटली की बेट एकदम मोकळे होते. दोन बोटींच्या मध्ये बेट पाहणारे परत येऊन सांगतात, तिथेही गर्दीच होती. राहिलेल्याला तसे म्हणावे लागत नाही.

अंदमान आपल्या फार पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलेच. त्यामुळे इंदूरपेक्षा सूर्य तासभर आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी पाचला सूर्य पाण्याला टेकलेला असतो. दिवसाचे वेळापत्रक दीड तास अलीकडे ओढा. पहाटे पाचला सीतापूर, नऊला नाश्ता, दुपारी विश्रांती, साडेतीनला लक्ष्मणपूर एक नंबरचा किनारा. इंदूरच्या सवयीने सहा वाजता सूर्यास्ताला निघालात तर अंधारच दिसेल.

एकूण बेत असा : पहिला दिवस प्रवासाचा, कारण इंदूरहून थेट विमान नाही. कोलकाता, चेन्नई, बंगळुरू अशा ठिकाणी विमान बदलावे लागते. दुसरा दिवस श्री विजयपुरममध्ये, सेल्युलर जेलसाठी. सावरकर 1911 ते 1921 जिथे होते ती जागा धावतपळत पाहायची नाही. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने बेटावर, तीन रात्री तिथेच, आणि परतल्यावर पुन्हा एक रात्र श्री विजयपुरममध्ये. ही शेवटची रात्र कापून एक दिवस वाचवायचा मोह सगळ्यांना होतो. ती का कापू नये, ते खाली बोट रद्द होण्याच्या प्रश्नात सांगितले आहे.

डिसेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. समुद्र सर्वांत शांत फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत असतो. तुम्हाला मुलांच्या शाळेची सुट्टी सांभाळायची नाही, तेव्हा डिसेंबरचा शेवटचा आठवडा सोडून फेब्रुवारीत जा.

प्रश्न : सरकारी बोट घ्यावी की खाजगी? तिकीट कसे काढायचे आणि जेट्टीवर नेमके काय काय होते? — रामबाग

दोन्ही बोटी वेगळ्या प्रकारच्या आहेत आणि दोन्हींचे धक्केही वेगळे आहेत. सरकारी बोट जहाज संचालनालयाची. ती फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते. खाजगी बोटी हॅडो धक्क्यावरून सुटतात. रिक्षावाल्याला नुसते 'जेट्टी' म्हणाल तर चुकीच्या फाटकाशी उतराल आणि तिथून दुसरीकडे पोहोचेपर्यंत बोर्डिंग बंद झालेले असेल. तिकिटावरचे धक्क्याचे नाव त्याला वाचून दाखवा.

खाजगी बोट म्हणजे कॅटामरान : दोन समांतर तळांवर एक रुंद सांगाडा, आत बसचे असावे तसे आसनांचे मोठे वातानुकूलित दालन, काचा बंद. श्री विजयपुरम ते शहीद द्वीप हे अंतर चाळीस किलोमीटरच्या आत आहे आणि ती ते एक ते दीड तासात कापते. सरकारी बोट संथ. तिला दोन तास किंवा थोडे जास्त लागतात, पण भाडे कमी आणि उघड्या डेकवर उभे राहता येते. बेटावरच्या लोकांचे रोजचे वाहन तेच. शाळेची मुले, भाजीच्या टोपल्या, दवाखान्यात निघालेली माणसे त्याच बोटीत असतात आणि त्यांची सोय आधी पाहिली जाते, ती पाहिली जावीच. म्हणून सुट्टीच्या दिवसांत सरकारी तिकीट मिळेल असे धरून चालू नका.

खाजगी तिकीट महिना-दोन महिने आधी ऑनलाइन निघते. सरकारी तिकीटही ऑनलाइन आणि खिडकीवर मिळते, पण विक्री प्रवासाच्या थोडेच दिवस आधी सुरू होते. आमचा सल्ला असा : जाताना खाजगी, येताना जमल्यास सरकारी. जायच्या दिवशी हॉटेल ठरलेले असते, वेळ पाळायची असते. परतताना घाई नसते आणि उघड्या डेकवरून बेट मागे सरकताना पाहायला मिळते.

तिकिटावरचे नाव ओळखपत्राशी अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे बायकांच्या बाबतीत हमखास गोंधळ होतो : आधारवर माहेरचे आडनाव, तिकिटावर सासरचे. तिकीट काढणाऱ्या मुलाला आधारकार्ड समोर ठेवूनच नाव टाकायला सांगा. मूळ ओळखपत्र हातातल्या पिशवीत ठेवा. बाळ मांडीवर बसणार असले तरी त्याचेही नाव नोंदवावे लागते, कारण बोटीवर किती जीव आहेत त्याची यादी बंदराकडे जाते. भारतीय नागरिकाला शहीद द्वीप आणि स्वराज द्वीप या दोन बेटांसाठी वेगळा परवाना लागत नाही.

जेट्टीवर सुटण्याच्या वेळेच्या एक तास आधी पोहोचा. फाटकावर तिकीट आणि ओळखपत्र पाहतात, मग सामान यंत्रातून जाते. मोठ्या बॅगा बोटीत आसनाजवळ नेता येत नाहीत. त्या खलाशी एका बाजूला रचतात किंवा सामानाच्या कप्प्यात टाकतात, आणि उतरताना धक्क्यावर एकदम काढून ठेवतात. शंभर काळ्या ट्रॉलीबॅगांत आपली ओळखायची तर मुठीला जुन्या साडीचा लाल-पिवळा काठ बांधा. औषधे, चष्मा, पाणी, फोन, पैसे आणि हलकी शाल हातातल्या पिशवीत हवी, कारण एकदा बसल्यावर मोठ्या बॅगेपाशी जाता येत नाही. शाल लिहिली ती उगीच नाही : आतले वातानुकूलन चांगलेच गार असते. सामानाच्या वजनाची मर्यादा तिकिटावर छापलेली असते. ती विमानापेक्षा वेगळी असू शकते, तेव्हा वाचून घ्या.

सुटायच्या बऱ्याच आधी फाटक बंद होते, मग विनवणी चालत नाही. बसल्यावर लाइफ जॅकेट कुठे आहे ते पाहा. आसनाखाली किंवा डोक्यावरच्या कप्प्यात असते. खलाशी ते कसे घालायचे हे दाखवतो तेव्हा फोन खाली ठेवा.

शहीद द्वीपाची जेट्टी लांब आहे आणि ती उन्हात चालावी लागते. तिच्या टोकाशी रिक्षा उभ्या असतात. हॉटेल सांगताना गावाचेही नाव सांगा. बेटाच्या एका टोकाचे सीतापूर जेट्टीपासून पाचेक किलोमीटर, म्हणजे गुडघे चांगले असतील तर सगळे बेट भाड्याच्या सायकलवर होते.

पैशांचे : रोख न्या. मोबाइलवरून पैसे देता येतात, पण नेटवर्क असेल तेव्हा. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली इंटरनेटची केबल ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाली. ती श्री विजयपुरम, स्वराज द्वीप आणि आणखी काही बेटांपर्यंत जाते. शहीद द्वीप त्या यादीत नाही. म्हणून बोटीची, हॉटेलची, विमानाची तिकिटे कागदावर छापून न्या. जेट्टीच्या फाटकाशी फोन फिरत राहिला की मागची रांग थांबते आणि आपला जीव कासावीस होतो.

प्रश्न : आई 74 वर्षांची आहे. खंडव्याच्या रस्त्याला भेरूघाटात तिला गाडी लागते. मग बोट किती लागेल? तिला नेऊ की नको? गुडघेही दुखतात. — लोकमान्य नगर

न्या. तयारीने न्या.

आधी बोट का लागते ते सांगतो. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारे इंद्रिय असते. ते सांगते, शरीर वरखाली होते आहे. डोळे समोरच्या आसनाची पाठ पाहत असतात. ती हलत नाही. दोघांच्या निरोपात तफावत पडली की मळमळ सुरू होते. घाटात बस वळणे घेते तेव्हाही हेच होते. म्हणून ज्याला गाडी लागते त्याला बोट लागण्याचा संभव खरा, पण उपायही तेच कामी येतात : डोळ्यांना क्षितिज दिसू द्यायचे आणि शरीराला कमीत कमी हलू द्यायचे.

बोट पुढून-मागून हेलकावते तेव्हा नाक सर्वांत जास्त वर-खाली जाते आणि मधला भाग सर्वांत कमी, अगदी सी-सॉच्या मधोमध बसलेल्या मुलासारखा. तेव्हा आसन खालच्या मजल्यावरचे, मध्यावरचे किंवा त्याच्या थोडे मागचे घ्या. पुढच्या काचेजवळची आसने महाग आणि देखावा छान, पण आईंसाठी ती नकोत. वरचा मजलाही नको, कारण उंचीवर डोलणे वाढते. डिसेंबर-जानेवारीत वारा ईशान्येकडून असतो आणि श्री विजयपुरमहून बोटीचे तोंडही पूर्व-ईशान्येला, म्हणजे जाताना लाटा समोरून येतात. परतताना त्याच लाटा मागून येतात. हेलकावा वेगळा लागतो, म्हणून जाताना त्रास झाला तर येतानाही तसाच होईल असे समजू नका. दुपारपेक्षा सकाळची फेरी बरी, कारण दिवस चढतो तसा वारा वाढतो.

सकाळी रिकाम्या पोटी बसवू नका आणि पोटभरही नको. इंदूरच्या सवयीने पोहे-जिलबी रेटून निघालेला माणूस अर्ध्या तासात पिशवी मागतो. बोटीच्या दीड-दोन तास आधी दोन इडल्या, टोस्ट किंवा केळे. चहा अर्धा कप. आलेपाकाची वडी किंवा सुंठेचा तुकडा तोंडात धरायला द्या. बऱ्याच जणांना त्याने बरे वाटते आणि अपाय काही नाही.

गोळी घ्यायची तर वेळेवर. अव्होमिनसारखी प्रोमेथाझिनची गोळी बोटीच्या एक ते दोन तास आधी पोटात जायला हवी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा उलटीतून बाहेर पडते. या गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडे पडते, आणि वयस्कर माणसाचा तोल जाऊ शकतो. उतरताना जेट्टीवर हात धरा. काचबिंदू, प्रोस्टेट, किंवा झोपेची अथवा मनाची औषधे चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आमची एक सूचना : निघायच्या आधी एखाद्या रविवारी घरीच एक गोळी देऊन पाहा. किती झोप येते ते कळेल आणि प्रवासात धक्का बसणार नाही.

मळमळू लागलेच तर फोन, मासिक, जपमाळ सगळे बाजूला. खिडकीतून दूरची रेषा दिसत असेल तर ती पाहायची, नाहीतर डोळे मिटून डोके आसनाला टेकवायचे. सारखे मान वळवून बोलू नये. प्लास्टिकची पिशवी हातात आधीच असू द्या. बोटीत मिळते, पण खलाशी येईपर्यंत दम निघत नाही. उलटी झाली तर लगेच पाणी ढोसू नये, दहा मिनिटांनी एकेक घोट ओआरएस. सरकारी बोटीत डेकवर मोकळ्या हवेत उभे राहता येते. ज्यांना बंद काचांत जीव घाबरतो त्यांना ती संथ बोट अधिक सोसते.

गुडघ्यांबद्दल : बोट आणि धक्का यांच्यामध्ये एक फळी किंवा छोटा जिना टाकतात. धक्का जागचा हलत नाही, बोट पाण्याबरोबर चढते-उतरते. म्हणून भरतीला ही फळी जवळजवळ सपाट असते आणि ओहोटीला उतार तीव्र होतो. आईंना घाई करू देऊ नका, गर्दी उतरून जाऊ द्या. एक खलाशी पुढून हात देतो, तुम्ही मागे राहा. मनगट धरू देण्याऐवजी कोपराच्या वर दंड धरायला सांगा, पकड पक्की राहते. पायात चप्पल नको, मागून पट्टा असलेले सँडल हवेत.

प्रश्न : लक्ष्मणपूरचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच पाहता येतो असे वाचले. पंचांगावरून वेळ काढता येईल का? — महू

तिथीवरून दिवस ठरवता येतो, घटका ठरवता येत नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, म्हणजे पाणी चढतेही खूप आणि ओसरतेही खूप. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढ-उतार कमी. पुलाच्या बाजूचे खडक आणि त्यांतली डबकी नीट उघडी पडायला उधाणाचे दिवस उत्तम. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. आज ओहोटी दोनला असेल तर उद्या तीनला दहा कमी.

कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात : चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता पूर्ण भरती. हा हिशेब तिकडच्या किनाऱ्यापुरता. अंदमानात रोजचे पुढे सरकणे तेवढेच असले तरी सुरुवातीचा तास वेगळा आहे, त्यामुळे उत्तर चुकते. बेटावर पोहोचल्यावर हॉटेलात किंवा जेट्टीवर त्या दिवशीची ओहोटीची वेळ विचारा आणि तिच्या तास-दीड तास आधी तिथे पोहोचा. पाणी मागे हटत असताना आत जायचे, ते परत फिरले की आपणही फिरायचे. उलट केले तर परतीच्या वाटेवरचे खडक बुडालेले सापडतात.

वाट सपाट वाळूची नाही. मेलेल्या प्रवाळाचा धारदार, शेवाळलेला खडक आहे. रबरी तळाचे बंद बूट घाला. डबक्यांत पाय टाकण्याआधी खाली पाहा : समुद्री काकडी, खेकडे, छोटे मासे, आणि काटेरी समुद्री साळू असतो, त्याचा काटा तळव्यात मोडतो. जिवंत प्रवाळावर तर पाय कधीच ठेवू नये. वर्षाला बोटभर वाढणारी वस्ती एका पावलाने मोडते. बंगाली रहिवाशांनी या कमानीला हौसेने 'हावडा ब्रिज' म्हटले होते. खाली उभे राहून वर पाहिले की नाव पटते.

प्रश्न : हवामान बिघडून बोट रद्द झाली तर? — तिलकनगर

होते, आणि कुणाच्या हातात नसते. वादळी वाऱ्याची सूचना आली की बंदरावर धोक्याचा बावटा चढतो. आधी काचेच्या तळाच्या छोट्या बोटी थांबतात, मग प्रवासी बोटी. सकाळी भरतपूरच्या छोट्या बोटी पाण्यात उतरल्या नाहीत तर दुपारच्या आपल्या बोटीची चौकशी लगेच करा. डिसेंबर 2016 मध्ये वादळामुळे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीपावर हजाराहून जास्त पर्यटक काही दिवस अडकले होते आणि नौदल व तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना आणले. असे दरवर्षी होत नाही, पण एखाद्या दिवसाची खाडाखोड नेहमीची आहे.

म्हणूनच वर म्हटले ती शेवटची रात्र. बेटावरून सकाळी निघून दुपारचे विमान पकडायचा बेत कागदावर बसतो, समुद्रावर बसेलच असे नाही. आणि हुकलेले विमान एकटे नसते, कोलकात्याहून इंदूरचे पुढचे तिकीटही त्याच्याबरोबर जाते. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर काढा. औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवसांची जास्त न्या, कारण छोट्या बेटावर तुमच्या नेमक्या ब्रँडची रक्तदाबाची गोळी मिळेलच असे नाही. बोट कंपनीने फेरी रद्द केली तर पैसे परत किंवा पुढची फेरी असा पर्याय देतात. तिकीट हॉटेलवाल्याने काढले असेल तर त्याच्याकडून बुकिंग क्रमांक आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक लिहून घ्या. रद्द झाल्याचा निरोप त्याच क्रमांकावर जातो, तुमच्यावर नाही.

प्रश्न : विमानाऐवजी कोलकात्याहून जहाजाने गेलो तर? — राजवाड्याजवळून एक वाचक

वेळ असेल तर जरूर. कोलकाता आणि चेन्नईहून महिन्यातून काही मोजक्या फेऱ्या असतात, विशाखापट्टणमहून त्याहून कमी. वेळापत्रक थोड्याच आगाऊ मुदतीने जाहीर होते आणि त्यात बदलही होतो. इंदूरहून हावड्याला क्षिप्रा एक्सप्रेस आहे. कोलकात्यात दोन दिवस हाताशी ठेवा. जहाजाला अडीच ते तीन दिवस लागतात, हवामान वाईट असेल तर जास्त. कोलकाता बंदर समुद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत हुगळीवर आहे, त्यामुळे जहाज गोदीतून भरतीच्या पाण्यावर निघते आणि सुटण्याची वेळ भरतीप्रमाणे मागेपुढे होते. पहिले कित्येक तास नदीतले, तेव्हा डोलणे नाही. खरी परीक्षा मोकळ्या बंगालच्या उपसागरात.

केबिनपासून सामायिक बंकपर्यंत वर्ग आहेत. साठीच्या पुढच्यांनी केबिनच घ्यावी आणि त्यात खालची जागा मागावी. जहाजावर डॉक्टर असतो, जेवण मिळते, पण चव रोज तीच. चिवडा, लोणचे, खाकरा बरोबर असू द्या. जाताना जहाज आणि येताना विमान केले तर दोन्ही अनुभव मिळतात आणि थकवाही कमी.

प्रश्न : लक्षद्वीप जास्त शांत नाही का? — नारायणबाग

शांत आहे, पण वाट अवघड आहे. तिथे बाहेरच्या प्रत्येक भारतीयाला प्रवेश परवाना लागतो आणि तो निघेपर्यंत तिकिटे पक्की करता येत नाहीत. कोचीहून जहाजाला बेटानुसार चौदा ते अठरा तास. इंदूरहून एर्नाकुळमला अहिल्यानगरी एक्सप्रेस आठवड्यातून एकदा जाते. मुख्य अडचण उतरण्याची : अनेक बेटांभोवतीचे पाणी उथळ, म्हणून मोठे जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर थांबते आणि हलत्या जहाजातून हलत्या छोट्या बोटीत उतरावे लागते. पाय धड असतील तर जा. गुडघेदुखी असणाऱ्यांनी अंदमानच निवडावे.

प्रश्न : नातवंडांसाठी किनाऱ्यावरचे शंख-प्रवाळ आणता येतील का? संध्याकाळी वाळूत बसल्यावर काही चावते म्हणतात, ते काय? — सुखलिया

आणू नका. खडा होऊन वाळूत पडलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा नाही. हे प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, काही शंखांनाही संरक्षण आहे, आणि विमानतळावरच्या यंत्रात ते स्पष्ट दिसतात. रिकामा शंख तर संन्यासी खेकड्याचे घर असतो. संध्याकाळी लक्ष्मणपूरच्या वाळूवर शंख चालताना दिसतील, नातवंडांना त्याचा व्हिडिओ न्या. आणि प्लास्टिकचा कचरा बेटावर न टाकता पिशवीत भरून श्री विजयपुरमला आणा. ओला-सुका वेगळा करायची सवय इंदूरकरांना सांगायला नको.

चावतात त्या वाळूतल्या बारीक माश्या. डासांसारखा आवाज नाही, लगेच कळतही नाही, दुसऱ्या दिवशी पायांवर लाल गांधी उठतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्यांचा जोर असतो. तेव्हा वाळूत थेट न बसता चटई घ्या, पायघोळ कपडे घाला, उघड्या भागाला खोबरेल तेल किंवा डासांचे मलम लावा. खाजवल्यास जखम चिघळते, म्हणून कॅलामाइन लोशन बरोबर असू द्या.

शंखांची हौसच असेल तर श्री विजयपुरममध्ये 'सागरिका' हे सरकारी दालन आहे. परवानगी असलेल्या शंख-शिंपल्यांच्या वस्तू तिथे मिळतात. त्यांचे बिल फेकू नका. वस्तूबरोबरच हातातल्या बॅगेत ठेवा, म्हणजे विमानतळावर विचारले तर लगेच दाखवता येईल.